सावकाश अक्का, सावकाश : माझे पहिले पाच किलोमीटर

सप्टेंबर २०२४. खानापूरला मावसबहिणीकडं जायला निघाले होते. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकात पोचले तेव्हा गाडी नुकतीच हलली होती. हात करत मी तिच्यामागं धावले. फार नाही, साठ-सत्तर पावलं. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी थांबवली, मला वर घेतलं आणि दारापाशी बसलेल्या पोराला उठवून जागा करून दिली. "सावकाश अक्का, सावकाश," एवढंच तो म्हणाला. कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट होता, आधार कार्ड दाखवून शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं होतं, पण कुठं उतरणार ते सांगायला माझ्या तोंडातून शब्द फुटेना. टिळकवाडीचं तिसरं रेल्वे गेट मागं पडलं तरी छातीतली धडधड कमी झाली नव्हती.

मी ४४ वर्षांची आहे. बेळगावातल्या वडगावात राहते, एका क्रेडिट सोसायटीत कॅशिअर आहे. सकाळी दहाला काउंटरच्या मागं बसायचं, संध्याकाळी कॅश जुळली की उठायचं, असं २१ वर्षं चाललंय. शाळेत लंगडी खेळले तेवढंच. १९ जानेवारी २०२५ ला मी आमच्याच शहरात पाच किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. सुरुवात करताना मला कुणाला काय विचारावं तेच कळत नव्हतं. इंटरनेटवर जे सापडायचं ते मोठ्या शहरांतल्या, आधीपासून व्यायाम करणाऱ्या लोकांचं. म्हणून हे तारखा, खर्च आणि चुकांसकट लिहून ठेवते. माझ्यासारख्या एखादीला उपयोगी पडेल.

त्या बसप्रवासाबद्दल घरी बोलले तेव्हा धाकट्या दिरांचा मुलगा तिथंच होता. तो सैन्यभरतीची तयारी करतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आमच्या शहरातच. इथल्या आणि आसपासच्या गावांतल्या पोरांच्या घोळक्यांची धाव पहाटे साडेपाचलाच सुरू झालेली असते. भरतीला १६०० मीटर पळावं लागतं, आणि ते काही मिनिटांच्या आत. तो म्हणाला, "काकू, तुम्ही पाच किलोमीटरला नाव घाला. जानेवारीत आहे. तुम्हाला वेळ लावायची नाही, फक्त पोचायचं."

मी नको म्हणाले. मग रात्रभर तेच डोक्यात.

त्याची पहिली अट डॉक्टरांना दाखवून यायची होती. ७ ऑक्टोबरला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेले. फी २०० रुपये. त्यांनी रक्तदाब पाहिला, रक्ताच्या तपासण्या सांगितल्या (५५० रुपये) आणि वय चाळिशीच्या पुढं म्हणून ईसीजी काढून घेतला (३०० रुपये). ईसीजी चांगला होता, साखर ठीक होती, पण हिमोग्लोबिन १०.२ निघालं. बायकांचं बारापेक्षा कमी म्हणजे रक्त कमीच. बसमागं धावताना जे झालं, त्यातलं थोडं यामुळंही असणार, असं ते म्हणाले. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या (१८० रुपयांच्या). गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी सकाळच्या चहाबरोबरच सगळ्या गोळ्या घेणारी. ती सवय त्या दिवशी मोडली. पळायला परवानगी दिली ती "हळूहळू वाढवा, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर थांबा आणि मला फोन करा" या बोलीवर. तुम्हीही डॉक्टरांकडची ही पायरी चुकवू नका. माझ्या अंगात रक्त कमी आहे हे मला माहीतच नव्हतं.

दसरा १२ तारखेला झाला आणि सोमवारी, १४ ऑक्टोबरला, पहिला दिवस. पुतण्यानं मोबाईलवरून एक तक्ता उतरवून दिला होता. 'काउच टू फाइव्ह के' म्हणून जगभर वापरतात तो. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपझप चालायचं, मग एक मिनिट पळायचं आणि दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. एक मिनिट वाचून मला धीर आला होता. प्रत्यक्षात ते मिनिट संपता संपेना. तिसऱ्या फेरीला माझा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला.

पुतण्या शेजारून चालत होता. म्हणजे मी पळत होते आणि तो चालत होता, तरी आम्ही बरोबरच होतो. तो म्हणाला, "काकू, माझ्याशी बोला."

"बोलता येत नाही रे."

"मग जास्त जोरात पळताय. बोलता येईल एवढंच पळायचं. अजून हळू."

यापेक्षा हळू म्हणजे चालणंच की, असं मला वाटलं. तसं नव्हतं. पाऊल लहान टाकायचं, टाच जोरात आपटायची नाही, खांदे सैल सोडायचे. मी वेग कमी केला आणि चौथ्या फेरीला त्याला घरातल्या गॅस सिलिंडरचा नंबर कधी लावायचा ते सांगू शकले. त्या दिवसापासून मी कितव्या मिनिटाला किती पळाले यापेक्षा बोलता येतंय की नाही हेच बघितलं. माझ्यामते नव्या माणसानं हे एवढं एकच धरून ठेवलं तरी पुरे. घड्याळ नसलं तरी चालतं.

सोसायटीतली एक कोरी राहिलेली जुनी पिग्मी वही, रोजच्या छोट्या ठेवी लिहायची, घरी होती. तिच्यात मी रकाने आखले. तारीख, किती पळाले, किती चालले, शेरा. पहिल्या दिवसाचा शेरा आहे, "आठ फेऱ्या. बोलता आलं फक्त पाचात."

आता माणसांच्या नजरांबद्दल. मला दमायची जेवढी भीती होती तेवढीच बघणाऱ्यांची होती. वडगावात आमच्या गल्लीत मला सगळे ओळखतात. निम्म्या घरांची पासबुकं माझ्या हाताखालून जातात. पहिले दोन आठवडे मी पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला बांधून, अंधारातच गल्लीबाहेर पडायची. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कशाला पळूलालीस गे? कुणी मागं लागलंय काय?" शेजारच्या मावशींनी यांना एकदा हळूच विचारलं, तब्येतीचं काही आहे का म्हणून. मी कुणालाच शर्यतीचं सांगितलं नव्हतं. पूर्ण झाली नाही तर, ही धास्ती होती.

पहाटेच्या त्या अंधारात एक गोष्ट मात्र मला फार जवळची झाली. आमच्याकडं साड्यांचे माग आहेत. काही घरांत उजाडायच्या आतच यंत्रमाग सुरू होतात. बंद दारामागून खटखट खटखट असा एकसारखा आवाज येतो, खालच्या फटीतून ट्यूबलाइटचा पट्टा रस्त्यावर पडलेला असतो. त्या घरांवरून जाताना माझी पावलं आपोआप त्या ठोक्यावर पडायची. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा या आवाजानं झोप लागत नसे. आता दुसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम त्याच रस्त्यानं सुरुवात करायला लागले.

गल्लीत एकच अडचण, कुत्री. पळणाऱ्याच्या मागं लागतात. थांबायचं, त्यांच्या डोळ्यात बघायचं नाही, सावकाश चालत पुढं व्हायचं. चार घरं ओलांडली की मग पुन्हा पळायचं. मला एकदाही चावलं नाही, पण पुतण्याला पूर्वी चावलं होतं आणि इंजेक्शनांची फेरी झाली होती, म्हणून हा नियम आम्ही कधी मोडला नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही स्कूटरवरून टिळकवाडीला जायला लागलो. कधी लेले ग्राउंड, कधी व्हॅक्सिन डेपो. एके काळी जिथं देवीची लस तयार व्हायची तो हा डेपो. आत मोठमोठी झाडं आहेत, पायाखाली माती आहे आणि सकाळी तिथं सगळ्या वयांच्या बायका चालत असतात. मातीवर गुडघ्यांना बरं वाटतं. आणि तिथं मला कुणी ओळखत नव्हतं.

मग दिवाळी आली आणि मी चूक केली.

सोसायटीला सुट्टी होती. अंगात उत्साह होता, दीड मिनिटाचं पळणं तीन मिनिटांवर गेलं होतं. तक्त्यात आठवड्याचे तीनच दिवस होते, पण मला वाटलं, रोज पळाले तर लवकर होईल. २८ ऑक्टोबरपासून सलग पाच दिवस पळाले. त्यातला शेवटचा दिवस १ नोव्हेंबर. शहरात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची तयारी, दुसरीकडं मराठी माणसांच्या काळ्या दिनाची. रस्ते बंद होतील म्हणून पहाटे लवकर उरकायला गेले, तेही डांबरावर, आणि पायात बाजारातून आणलेले ४९९ रुपयांचे बूट. तळवा पुठ्ठ्यासारखा. संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला पाटावरून उठताना दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूनं अशी कळ आली की मी भिंतीला धरलं. बोटानं दाबलं की हाडाच्या कडेला वीतभर लांब दुखायचं.

चार दिवस तेल चोळलं, लपवलं. ५ तारखेला फिजिओथेरपिस्टकडं गेले. दोन वेळा जावं लागलं, ४०० रुपये प्रत्येकी. त्या बाईंनी नीट समजावलं. फुप्फुसं आणि हृदय लवकर तयार होतात, हाडं आणि स्नायूंना वेळ लागतो. दम लागत नाही म्हणून आपण वाढवत जातो आणि नडगी मागं राहते. विश्रांतीच्या दिवशीच पाय दुरुस्त होत असतात, ते दिवस खाऊन टाकले तर दुखणारच. हाड मोडल्यासारखं एकाच बिंदूवर दुखत असतं तर त्यांनी एक्स-रे काढायला लावला असता. माझं लांबट दुखत होतं, म्हणून आठ दिवस पळणं बंद, आणि घरी पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, पंधरा वेळा, तीनदा. ते मी आजही करते, भाताला शिट्ट्या होईपर्यंत.

बुटांबद्दलही त्यांनीच सांगितलं. संध्याकाळी विकत घ्यायचे, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. घालून उभं राहिलं की अंगठ्याच्या पुढं एका अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. मी रोजच्या मापापेक्षा एक नंबर मोठे घेतले. २,८९९ रुपये. दुकानदारानं दुकानातच दहा पावलं पळून बघायला सांगितलं आणि मी पळाले, लोकांसमोर. त्याच दिवशी दोन स्पोर्ट्स ब्रा घेतल्या, ५५० ची एक. बायका एकमेकींना हे सांगत नाहीत, म्हणून लिहिते. बुटाइतकीच ती गरजेची आहे. पहिले तीन आठवडे मी ज्याला दम समजत होते त्यातला बराच भाग निव्वळ अवघडलेपण होतं. ओढणी त्या दिवसापासून घरी राहिली.

त्या आठ दिवसांत मला पळायची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. पहाटे पाचला डोळे उघडायचे, मागांचा आवाज ऐकत पडून राहायचं. वहीत त्या आठवड्याला मी रोज "बंद" असं लिहिलंय. १४ नोव्हेंबरला पुन्हा सुरू केलं, पण एक आठवडा मागं जाऊन. तक्त्यात मागं जायला कुणी अडवत नाही. मी एकूण दोन आठवडे दोनदा केले. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत फक्त चालायची. नऊ आठवड्यांचं काम मला चौदा आठवड्यांना पुरलं.

त्या तक्त्यात पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस येतो तेव्हा एकदम लिहिलेलं असतं, वीस मिनिटं, न थांबता. आधी दोनच दिवस आठ-आठ मिनिटं पळालेली असता आपण. तो दिवस माझ्याकडं ४ डिसेंबरला आला. व्हॅक्सिन डेपोत थंडी होती, धुकं झाडांच्या बुंध्यापर्यंत उतरलं होतं. पुतण्याला त्या दिवशी यायला जमलं नव्हतं. बोलायला कुणी नाही म्हणून मी हळू आवाजात पाढे म्हणायला लागले. बारापासून सुरू केले. एकोणीसच्या पाढ्यात अडखळले, पुन्हा मागून धरला. मोबाईल वाजला तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली आहेत यावर माझा विश्वास बसेना. एका झाडाला हात टेकून उभी राहिले आणि रडू आलं. तिथं चालणाऱ्या एक आजी थांबल्या, काय झालं विचारलं. मी म्हणाले, वीस मिनिटं पळाले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बस बघू थोडं. मग जा."

आता नाव नोंदणी. ही पळण्यापेक्षा किचकट निघाली.

नोंदणी ऑनलाइनच होती. अर्ज इंग्रजी आणि कन्नडमध्ये. ३० नोव्हेंबरपर्यंत ५०० रुपये, पुढं जास्त. मी २८ तारखेला बसले. शहराच्या यादीत 'बेळगाव' शोधत बसू नका, 'बेळगावी' असं आहे. रक्तगट भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नव्हता आणि माझा रक्तगट मला माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन १०० रुपये देऊन काढून घेतला. बी पॉझिटिव्ह. टी-शर्टचं माप विचारतात, त्यात छातीचं माप इंचांत दिलेलं असतं, घरातला टेप लावून मोजा, अंदाजानं 'एल' लिहू नका. अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा तो नंबर स्वतःचाच देऊ नका. ते फोन करतील तेव्हा तुमचा मोबाईल तुमच्याच खिशात असेल. मी आधी तोच दिला होता, पुतण्यानं पकडलं. प्रकार निवडताना 'वेळेची नोंद असलेली' आणि 'नसलेली' अशा दोन धावा होत्या. मी वेळ असलेली घेतली. आकड्यांत राहणारी बाई, मला आकडा हवा होता.

पैसे भरले, खात्यातून गेले, पण नोंदणी झाल्याचा मेल आला नाही. पुन्हा भरले, तेव्हा आला. म्हणजे दोनदा गेले. दिलेल्या नंबरवर चार दिवस फोन कुणी उचलला नाही. मी व्यवहार क्रमांक, वेळ आणि खात्याचा उतारा जोडून मेल केला, आणि नवव्या दिवशी ५०० रुपये परत आले. काउंटरवर बसून रोज हेच लोकांना सांगते, पावतीचा फोटो काढून ठेवा. स्वतःच्या बाबतीत ठेवला होता म्हणून सुटले.

डिसेंबर धावपळीत गेला. ९ तारखेपासून सुवर्णसौधमध्ये, म्हणजे इथल्या विधानभवनात, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, मोर्चे, ठिकठिकाणी बंदोबस्त. महिनाअखेरीला १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी होती, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथंच झालं ते. शहरभर दिव्यांची रोषणाई लागली. एक दिवस मी पहाटे काँग्रेस रोडवरूनच पळाले, दिवे अजून चालू होते. शर्यतीचा मार्ग हाच होता. आपल्या शर्यतीचा रस्ता एकदा तरी आधी पायांखालून घालावा. कुठं वळायचं, कुठं सावली आहे, ते शरीराला कळून राहतं. दर शनिवारी कपिलेश्वर पुलाचा चढ दोनदा चढून उतरायची, पळत नाही, लांब पावलं टाकत. २ जानेवारीला रक्त पुन्हा तपासलं, ११.६. वेगळी फी डॉक्टरांनी घेतली नाही. ८ जानेवारीला पहिल्यांदा सलग ३५ मिनिटं पळाले. तेव्हाही पूर्ण पाच किलोमीटर झाले नव्हते, चारच्या थोडं पुढं. पुतण्या म्हणाला, राहिलेलं त्या दिवशी होईल. भोगीची भाकरी आणि संक्रांतीचे तीळगूळ खाताना मात्र हात आखडला नाही.

१८ तारखेला, शनिवारी, नंबर घ्यायला जायचं होतं. मूळ आधार कार्ड, मेलची छापील प्रत आणि सही केलेलं हमीपत्र. मला काही झालं तर आयोजक जबाबदार नाहीत, असं त्यात होतं. मी ते दोनदा वाचलं आणि सही करताना हात थोडा थांबला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. रांगेत एक तास दहा मिनिटं. माझी पाळी आली तर आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळेना. आधारवर माझ्या नावाचं स्पेलिंग कन्नड उच्चारावरून केलेलं आहे, अर्जात मी बँकेच्या खात्यासारखं लिहिलं होतं. टेबलावरच्या मुलीनं दुसरं ओळखपत्र मागितलं. पॅन कार्ड पर्समध्ये होतं म्हणून काम झालं, नाहीतर वडगावला परत फेरी पडली असती. अर्ज भरताना आधार समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसंच भरा.

पिशवीत टी-शर्ट, नंबराचा कागद आणि चार टाचण्या. नंबराच्या मागं पातळ पट्टी चिकटवलेली असते, तीच वेळ मोजते. ती दुमडायची नाही, फाडायची नाही, नंबर पोटावर समोर लावायचा. नवा टी-शर्ट शर्यतीला घातला नाही. पुतण्याची ताकीद होती, त्या दिवशी नवीन काहीच नको. रोजचाच टी-शर्ट, रोजचेच मोजे. काखेत आणि पट्ट्याखाली व्हॅसलीन. रात्री आमटी-भात खाल्ला, साडेनऊला आडवी झाले, झोप बाराला लागली.

पहाटे साडेचारला उठले. मोबाईल १४ अंश दाखवत होता. अर्धा कप चहा, एक केळं. शर्यत साडेसहाला, कॅम्पमधल्या मैदानावरून. सव्वापाचला सासूबाई उठून आल्या, काही बोलल्या नाहीत, देवाजवळचं कुंकू माझ्या कपाळाला लावलं. बायकांच्या स्वच्छतागृहापुढं पंधरा मिनिटांची रांग होती, तेवढा वेळ धरून जा.

सुरुवातीला मी मागं उभी राहिले. वेळ आपली पट्टी रेषा ओलांडते तेव्हापासून मोजली जाते, त्यामुळं पुढं घुसायची गरज नसते. हे मला माहीत होतं. तरी शिट्टी झाली, शेकडो पावलांचा आवाज उठला, ढोल वाजले, आणि चौदा आठवडे शिकलेलं सगळं मी विसरले. माझ्या शेजारून शाळकरी मुली भुर्रकन गेल्या आणि मी त्यांच्यामागं. गोगटे सर्कलवरून काँग्रेस रोडला लागले. पहिला किलोमीटर ७ मिनिटं ३५ सेकंदात. माझा रोजचा पावणेनऊचा. दुसऱ्या रेल्वे गेटापाशी पोचेपर्यंत बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखं दुखायला लागलं. तोंड कोरडं. बाराचा पाढा म्हणून बघितला, बारा दुणेच्या पुढं जाता येईना.

तेवढ्यात रुळांवरून लोंढ्याकडं जाणारी गाडी आली. काँग्रेस रोडला रूळ अगदी लागून आहेत. खिडक्यांतून माणसं बघत होती, एक लहान मूल हात हलवत होतं. मी चालायला लागले. कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून. वाटलं, झालं, इथंच संपलं.

कडेला बंदोबस्ताला असलेली एक महिला पोलीस होती. पंचविशीची असेल. तिनं माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात खाली दाबल्यासारखे करत म्हणाली, "सावकाश अक्का, सावकाश. ओड्री, सावकाश ओड्री."

पळा, पण सावकाश पळा. आमच्याकडं कन्नड बोलणारेही हाच शब्द वापरतात, आपलाच. बसमधल्या कंडक्टरनंही तोच वापरला होता. मी तिला मान हलवून दाखवली. दुखत होतं तिथं हात दाबला, दोन पावलांत श्वास घेतला, तीन पावलांत सोडला, असं शंभर पावलं चालले. मग लहान पावलं टाकत पुन्हा सुरू केलं, पहिल्या दिवशी पुतण्याबरोबर केलं होतं तसं. तिसरा किलोमीटर माझा सगळ्यात मंद, ९ मिनिटं २५ सेकंद, आणि मला आठवतो तो तोच. तिसऱ्या गेटाच्या अलीकडं वळसा होता. तिथं एका मुलानं पाण्याचा पेला दिला. चालतच प्यावं, पळत प्यायलं तर नाकात जातं.

परतताना माझ्याबरोबर एक काका होते, साठीच्या पुढचे, अनगोळचे म्हणाले. आम्ही बोलत आलो. दुसरं गेट, पहिलं गेट. बोलता येतंय हे लक्षात आलं तेव्हा मीच हसले. शेवटच्या पाचशे मीटरला त्यांनी, "जा तू पुढं," म्हटलं. शेवटचा किलोमीटर ८ मिनिटं २८ सेकंदांचा झाला. मैदानाच्या दारात हे आणि पुतण्या उभे होते. यांनी कधी मोठ्यानं हाक मारलेली मला आठवत नाही, त्या दिवशी मारली.

वेळ ४३ मिनिटं १२ सेकंद.

पदक गळ्यात पडल्यावर एकदम खाली बसू नका, दहा मिनिटं चालत राहा. पोटऱ्या ताणा. मग उप्पीट आणि शिरा होता, तो बसून खाल्ला. सोमवारी सोसायटीचा जिना उतरताना मांड्या भरून आल्या होत्या, बुधवारपर्यंत उतरल्या. काउंटरवर मी कुणाला काही सांगितलं नाही, पण बातमी आधीच पोचली होती. गल्लीतल्या दोघींनी पैसे भरता भरता बुटांची किंमत विचारली. मी त्यांना कागदावर सगळा हिशेब लिहून दिला. डॉक्टर, तपासण्या आणि ईसीजी, गोळ्या, दोन्ही वेळचे बूट, दोन स्पोर्ट्स ब्रा, फिजिओ, रक्तगट, नोंदणी, सगळं मिळून ७,१२८ रुपये. त्यातले ४९९ वाचवता येतील, आणि दिवाळीत रोज पळालं नाही तर फिजिओचे ८०० सुद्धा.

प्रमाणपत्र मेलवर आलं त्यात नाव चुकलं होतं, आधारवरचंही नाही आणि खात्यावरचंही नाही, तिसरंच. दुरुस्तीला लिहिलं, अकराव्या दिवशी नीट करून पाठवलं. झेरॉक्सच्या दुकानात दहा रुपये देऊन छापून आणलं. सासूबाईंनी चष्मा लावून दोन्ही बाजू बघितल्या, मागं काही लिहिलेलं नाही याची खात्री केली आणि घरपट्टीच्या पावत्यांच्या फायलीत, सगळ्यात वर, नीट लावून ठेवलं.